ओढ्यांतील मासे व कांठचा शेतकरी

आमचे एक सभासद बंधु गेल्या उन्हाळ्यांत काश्मिराकडे जाऊन आले. तेथें डोंगरांतल्या लहान लहान झऱ्यांच्या कांठीं हातांत लांब काठी घेऊन तासन् तास उभे राहणारे लोक त्यांनीं पाहिले. हे लोक दिवसाच्या परवान्यासाठीं सरकारांत पैसे भरतात, गांवांतल्या वाटाड्याला मजुरी देतात, आणि हें सारें ‘ट्राउट’ नांवाच्या एका ठिपकेदार माशासाठीं चालतें, असें त्यांस कळलें. परत आल्यावर त्यांनीं आम्हांस विचारिलें कीं, हा मासा आपल्या करपरेंत, दुधनेंत किंवा मासोळींत सोडतां येईल काय? शेतीला जोडधंदा हवा असें आपण सगळेच म्हणतों. मग हा कां नको?

प्रश्न सरळ आहे व त्याचें पहिलें उत्तरहि सरळ आहे. येणार नाहीं. ट्राउट हा थंड आणि वाहत्या पाण्याचा जीव. त्यांतला तपकिरी ट्राउट मूळचा युरोपाकडला. इ. स. १९०० च्या सुमारास त्याचीं अंडीं विलायतेहून बोटीनें काश्मिरांत आणविलीं. पहिली खेप वाटेंतच नासली, दुसरी जगली. पाण्याची उष्णता २० अंशांच्या पुढें गेली कीं हा मासा कासावीस होतो, आणि २५ च्या आसपास पोंचली कीं त्याचें मरण ओढवतें. आपल्या ओढ्यांचें वैशाखांतलें पाणी ३० अंशांच्या वर असतें, म्हणजे जेथें मुळीं पाणी असतें तेथें. शिवाय पाणी जितकें तापतें तितका त्यांतला प्राणवायु कमी होतो: १० अंशांच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ११ मिलिग्राम प्राणवायु मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यांत साडेसात. काश्मीरच्या झऱ्यांतला मासा परभणीच्या पाण्यांत आणणें म्हणजे केशराचे कंद काळ्या रानांत लावणें होय.

दुसरी गोष्ट अशी कीं, हा मासा जेथें जेथें नेला गेला तेथें तेथें त्यानें घरच्या माशांना पुरतें उरूं दिलें नाहीं. जगांत सर्वांत उपद्रवी ठरलेल्या शंभर परक्या जीवांची एक यादी जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञांनीं केली आहे; तिच्यांत या तपकिरी ट्राउटाचें नांव आहे. तेव्हां मासा नको. परंतु आमच्या बंधूंनीं काश्मिरांत जें पाहिलें त्यांतील मासा वगळून जी रीत उरते तिच्याविषयीं चार शब्द लिहावेत असें आम्हांस वाटलें, आणि तेंच या लेखाचें प्रयोजन आहे.

ही रीत इंग्लंडांतून आली. तेथें लहान ओढ्यावर मासे धरण्याचा हक्क बहुधा कांठच्या जमीनमालकाचा असतो. ट्राउट हिवाळ्यांत अंडीं घालतो, म्हणून त्या महिन्यांत गळ टाकण्यास कायद्यानें बंदी असते. ठराविक लांबीहून लहान मासा गळाला लागला तर तो ओल्या हातानें सोडवून पाण्यांत परत द्यावयाचा. हौशी लोकांच्या मंडळ्या कांठचीं झाडें राखतात, गुरांनीं कांठ तुडवूं नये म्हणून कुंपण घालतात, आणि वरच्या अंगाला कोणीं घाण सोडली तर त्याला कोर्टांत खेंचतात. सुशेगात श्रीमंतांचा हा छंद आहे हें कबूल. पण त्या छंदामुळें ओढ्याला एक राखणदार मिळाला. आपल्याकडे ओढ्याला राखणदार कोण?

कायद्यानें पाहिलें तर आपल्याकडे नदी, नाला, ओढा यांचें पात्र सरकारचें. १९६६ च्या जमीन महसूल संहितेंत तसें स्पष्ट आहे. कांठच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर ओढा येत नाहीं. परंतु सत्ता कोणाची असें विचारलें तर, ज्याची मोटार डोहांत आहे त्याची. चैत्र-वैशाखांत डोह ठेवावयाचा कीं उपसावयाचा हें ना तहसीलदार ठरवितो, ना मत्स्यखातें. तें कांठचे तीनचार खातेदार ठरवितात. म्हणून हा लेख त्यांच्यासाठीं, म्हणजे आमच्यासाठींच, आहे.

आपल्या जिल्ह्याला पाण्याची नांवें कांहीं कमी नाहींत. मधून गोदावरी, उत्तरेकडून पूर्णा व तिला मिळणारी दुधना, जिंतुराकडच्या डोंगराळ भागांतली करपरा, आणि गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाच्या उतारावरची मासोळी. नदीला माशाचेंच नांव असलेला तालुका आपल्या जिल्ह्यांत आहे! तें नांव कसेंहि पडलेलें असो. त्या नदींत आज कोणकोणते मासे आहेत हें विचारलें तर गंगाखेडच्या बाजारांत मिळणाऱ्या धरणांतल्या कटला-रोहूपलीकडे दहांतल्या नऊ जणांना नांव सांगतां यावयाचें नाहीं. शंभर-दोनशें वर्षांपूर्वीं ही स्थिति नव्हती. कर्नल साइक्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें. चाळिसांहून अधिक जाति त्यानें नोंदविल्या, आणि त्यांतल्या कित्येकांना मराठी लोकांच्या तोंडचींच नांवें दिलीं. कोळस, मुळ्या, खुडरी, मासोळा हीं नांवें लॅटिनाचा अंगरखा घालून आज जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत वावरत आहेत. आपल्या नातवंडांना मात्र तीं ठाऊक नाहींत.

ओढ्यांत काय असतें तें आमच्या पिढीनें पाहिलेलें आहे. कपारींत दडणारी वाम, मिशाळ शिंगटा, तळच्या वाळूंत घुसून बसणारी बोटभर मुरी, उथळ पाण्यांत थव्यानें चमकणारे खवल्यांचे लहान चंदेरी मासे, झिंगे, खेकडे, आणि या सर्वांचा पाटील म्हणजे मरळ. कळकाची काठी, दुकानांतून आणलेला एक गळ, आणि तरंगण्यासाठीं जोंधळ्याच्या ताटाचा सोललेला भेंड, एवढ्या सामानावर आमच्या लहानपणीं दिवाळीची सुटी निघत असे. गांडूळ लावलें तर वाम किंवा शिंगटा, कणकेची गोळी लावली तर खवल्याचे मासे, आणि मरळीसाठीं जिवंत बेडकी. भेंड एकदम बुडाला तर घाई करूं नये, मरळ आधीं तोंडांत धरून ठेवते व मग गिळते, हें आम्हांस आमच्या सालदारानें शिकविलें. शाळेंत शिकविलेल्या पुष्कळ गोष्टी विसरलों, ही विसरलों नाहीं. दिवसाकाठीं चारपांच मासे मिळत. काठीनें ओढा रिता झाला असें कधीं ऐकलें नाहीं.

रिता झाला तो दुसऱ्या कारणांनीं, आणि त्यांतलें पहिलें कारण असें आहे.

आपला ओढा बारमाही नाहीं. पौष-माघांत धार तुटते, आणि ओढ्याचें डोहाडोहांत तुकडे पडतात. फाल्गुनांत उथळ डोह आटतात. वैशाखांत दोनतीन किलोमीटरांच्या टप्प्यांत एखादा डोह उरतो, तोहि बहुधा वळणावर, खडकाच्या अंगाला, उंबराच्या किंवा जांभळीच्या सावलींत. मरळीसारखा एखादा मासा वर येऊन हवेचा श्वास घेऊं शकतो व चिखलांतहि कांहीं काळ तग धरतो. बाकीच्यांना ती सोय नाहीं. तेव्हां त्या शेवटच्या डोहांत जे मासे वाचतात, तेच मृगाच्या पाण्याबरोबर साऱ्या ओढ्यांत पसरतात व अंडीं घालतात. म्हणजे वैशाखांतला डोह ही ओढ्याची बियाण्याची कणगी आहे. आपल्यांत कितीहि ओढग्रस्त शेतकरी असला तरी पेरणीसाठीं राखलेली ज्वारी तो जात्यांत घालीत नाहीं. उसनें आणील, मजुरीला जाईल, पण ती कणगी फोडणार नाहीं. तोच शेतकरी डोहांत पांच अश्वशक्तीची मोटार टाकून शेवटच्या हातभर पाण्यापर्यंत उपसतो, आणि तळाला तडफडणारे मासे घमेल्यानें भरून नेतो. दोन दिवस गांवांत कालवणाचा वास दरवळतो. पुढच्या वर्षीं ओढ्यांत मासे नाहींत म्हणून पारावर बसून काळाला दोष देणारे लोक हेच.

आतां आमचाच एक अपराध सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या कापसावर फवारणी चालली होती. फवारा मारून झाल्यावर गड्यानें पंप ओढ्याच्या डोहांत धुतला. तसा तो दरवर्षींच धुवीत असे व आम्ही कांठावर उभे राहून पाहत असूं. त्या दिवशीं संध्याकाळीं डोहावर पांढऱ्या पोटांचा थर तरंगत होता. ओढ्याला कोणी विष घातलें म्हणून आम्हींच आरडाओरड केली, आणि मग डब्यावरचा कागद वाचला.

या प्रकरणाचा हिशेब शेतकऱ्यानें एकदां मांडून पाहण्यासारखा आहे. सायपरमेथ्रीन व त्याच्या कुळांतलीं औषधें माणसाला व गुराला त्या मानानें कमी बाधतात, म्हणून आपण त्यांना सौम्य समजतों. माशाला मात्र तीं अत्यंत जहाल. लिटरभर पाण्यांत दोनचार मायक्रोग्राम, म्हणजे ग्रामाचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोनचार भाग, इतकें विषहि पुष्कळ माशांस मारावयास पुरे होतें. आतां दहा मीटर लांब, पांच मीटर रुंद व एक मीटर खोल असा डोह घ्या. त्यांत पन्नास हजार लिटर पाणी मावतें. लिटरला दोन मायक्रोग्राम या हिशेबानें त्या साऱ्या डोहाला ग्रामाचा एक दशांश भाग विष लागतें, आणि १० टक्के तीव्रतेच्या औषधाच्या एका मिलिलिटरांत तेवढें असतें. एका मिलिलिटरांत! कांहीं विष चिखलाला चिकटून निकामी होतें, पाणी हलत असतें, हें सर्व धरून हिशेब दहापट चुकला असें माना. तरी दहा मिलिलिटर, म्हणजे बाटलीचें झांकणभर. पंपाच्या तळाला, नळींत, डब्याच्या कडेला याहून अधिक राहतें.

उपाय अगदींच साधा आहे. पंप शेतांतच, ओढ्याविहिरीपासून दूर पडीक तुकड्यावर धुवावा व तें पाणी तेथेंच जिरूं द्यावें. डबे ओढ्यांत फेंकूं नयेत. यासाठीं पैसा लागत नाहीं, दोन घागरी पाणी बांधावर वाहून न्यावें लागतें. आमच्या गड्यानें पहिल्या दिवशीं कुरकूर केली. दुसऱ्या दिवशीं आम्हीं स्वतः घागर उचलली, मग त्यानें ती आमच्या हातांतून घेतली.

हा झाला अजाणतां घडणारा प्रकार. जाणून केला जाणारा प्रकार याहून वाईट आहे. ओढ्यांत विष घालून मासे धरण्याची चाल जुनी आहे. गेळफळ कुटून टाकीत, हिंगणबेटाची साल टाकीत. त्यानें मासे गुंगत, आणि नव्या पाण्याबरोबर त्या विषाचा अंमल उतरत असे. त्या चालीची आम्ही भलावण करीत नाहीं, पण तिला एक मर्यादा होती. आतां ब्लीचिंगची भुकटी ओततात, कीटकनाशकाचा डबाच उपडा करतात, किंवा खांबावर आकडा टाकून विजेची तार पाण्यांत सोडतात. विजेच्या धक्क्यानें खाण्याजोगे दहा मासे वर येतात, आणि बोटाएवढीं शेंकडों पिल्लें तळाला मरून पडतात तीं कोणी मोजीत नाहीं. ही तार माणूसहि ओळखीत नाहीं. पाण्यांत उतरलेल्याला ती जागच्या जागीं गिळते.

याविषयीं कायदा नाहीं असें नव्हें. फ्रान्सिस डे नांवाच्या अधिकाऱ्यानें १८७३ सालीं हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांतील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर मोठा अहवाल लिहिला. पिल्लें लुटणारीं बारीक डोळ्यांचीं जाळीं, शेतांतल्या पाण्याच्या तोंडाशीं लावलेले सांपळे आणि विषप्रयोग यांवर त्यानें तक्रार केली होती. तो अहवाल कालच लिहिला असें वाचतांना वाटतें. पुढें १८९७ सालीं मत्स्यविषयक कायदा झाला, व त्यांत सुरुंग व विष यांनीं मासे मारणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशें रुपयांपर्यंत दंड ठेवला. त्या काळीं आपला मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता, त्यामुळें तो कायदा आपला नव्हता. पण महाराष्ट्र राज्याचा १९६० चा मत्स्यव्यवसाय अधिनियम आपलाच आहे. परंतु ओढ्याच्या कांठीं पोलीस पाटील किती वेळां जाणार? आणि गेला तरी साक्ष कोण देणार? ज्याच्या बांधावरून आकडा टाकला तो शेतकरी गप्प बसतो, कारण संध्याकाळीं त्याच्याहि घरीं वाटा येतो.

पहिल्या पावसाची गोष्ट निराळी लिहावयास हवी, कारण तेथें चांगलीं माणसेंहि चुकतात. मृगाचा किंवा आर्द्राचा पहिला लोंढा आला कीं मासे उलट्या अंगानें वर चढूं लागतात. नवें गढूळ पाणी, त्याचा वास, त्याची धार हीं त्यांना अंडीं घालण्याची वर्दी देतात. बांधाच्या सांडीवरून उड्या मारीत ते नाल्यांत, नाल्यांतून गवताळ पडिकांत आणि कधीं थेट शेतांत येतात. हेच ‘चढणीचे मासे’. यांना धरण्यास जाळेंहि लागत नाहीं. पोरें काठीनें व टोपलीनें धरतात, आणि मातब्बर मंडळी बांधाच्या तोंडाला कामट्यांचा सांपळा लावून रातोरात पोतें भरतात. त्यांचें पोट गाभोळीनें टचटचीत भरलेलें असतें. रोहूच्या जातीच्या मादीपोटीं वजनाच्या दर किलोमागें लाखाहून अधिक अंडीं असतात. लहान माशांचीं हजारांनीं मोजावीं. त्या एका रात्रींत आपण वर्षाचें पीक गर्भांतच कापतों. समुद्रावरच्या कोळ्यांना १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बाहेर काढतां येत नाहींत, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर न जाण्याचा त्यांचा शिरस्ता कायद्याहूनहि जुना आहे. ज्यांचें पोटच माशांवर चालतें ते दोन महिने थांबतात. ज्यांच्या घरीं ज्वारीचीं पोतीं आहेत त्या आम्हांला दोन आठवडे थांबवत नाहीं.

मरळीचा प्रकार तर चटका लावणारा आहे. ती आपल्या पिल्लांना टाकून जात नाहीं. पावसाळ्यांत उथळ पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरतांना दिसतो, आणि त्याच्या खालीं आईबाप पहारा करीत असतात. जाणता भोई तो पुंजका पाहून गळ आवरतो. अजाण माणूस नेमका तेथेंच टाकतो, कारण मरळ पिल्लांच्या रक्षणासाठीं समोर येईल त्यावर तुटून पडते व हमखास सांपडते. ती गेली कीं पुंजका दिवसभरांत इतरांच्या पोटांत जातो.

यापुढें जें लिहितों तें कित्येक वाचकांना आवडणार नाहीं. २०१४ च्या अखेरीस सुरूं झालेल्या जलयुक्त शिवार योजनेपासून नाला खोलीकरणाचा आपल्याकडे मोठा उत्साह आला. दुष्काळानें होरपळलेल्या मराठवाड्यांत तो येणें साहजिक होतें, आणि कित्येक विहिरींना त्याचा गुण आला हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. परंतु यंत्र जेव्हां ओढ्यांत उतरलें तेव्हां त्यानें वळण पाहिलें नाहीं, डोह पाहिला नाहीं, कांठचा उंबर पाहिला नाहीं. नागमोडी ओढ्याचा सरळ चर झाला. गोटे व वाळू कांठावर ढिगानें पडली, तेथून ती ट्रॅक्टरनें निघून गेली. सावली गेल्यानें उरलेलें पाणी अधिक तापूं लागलें. जेथें अंडीं घालावयाचीं तो खळाळ नाहीं, जेथें उन्हाळा काढावयाचा ती कपार नाहीं. पाणी आहे, पण तें हौदांतल्यासारखें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, खोलीकरणाचा ठराव ग्रामसभेपुढें येईल तेव्हां जुने डोह आणि वळणें नकाशावर दाखवून तेवढे तुकडे यंत्राच्या हातून वगळावेत. तसेंच कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यापूर्वीं काढावयाच्या असतात, त्या खरोखर काढाव्यात. त्या तशाच राहिल्या तर बंधाऱ्यालाहि धोका, आणि चढणीच्या माशाला तर ती भिंतच.

आमचे पुष्कळ वाचक माळकरी आहेत. जनाबाईच्या गंगाखेडांत माशांचा लेख कशाला, असें ते म्हणतील. आम्ही त्यांस मासे खा असें सांगत नाहीं. उलट हा विषय त्यांचाच अधिक आहे. ज्या डोहांत मासा जगत नाहीं त्याचें पाणी आपलीं गुरें पितात. माशाचें मरण ही पाण्याची पहिली फिर्याद होय. वरच्या थरांत फिरणारे लहान मासे डांसांच्या अळ्या खातात. आणि माशांना अभय देण्याची परंपरा तर आपल्या देवस्थानांचीच आहे. रायगड जिल्ह्यांत महाडजवळ वाळणकोंड येथें देवीच्या डोहांतले मासे कोणी धरीत नाहीं. लोक त्यांना खाऊं घालतात, आणि मोठाले खडस मासे तेथें निर्धास्त फिरतात. कायद्यानें जें साधलें नाहीं तें तेथें श्रद्धेनें साधलें. आपल्या ओढ्याकांठीं मरीआईचें, म्हसोबाचें किंवा आसरांचें ठाणें नाहीं असा डोह विरळाच. आसरांच्या डोहाला पूर्वीं लोक भीत असत. ती भीति गेली हें बरें झालें कीं वाईट, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

भोई समाजाविषयीं लिहिलें नाहीं तर अन्याय होईल. ‘ओढे राखा’ म्हणतां म्हणतां गरिबाचें जाळें हिसकावण्याची हौस पुष्कळांना असते. ओढ्याचा नाश भोयांनीं केला असें म्हणणें खोटें आहे. धरणांचे व मोठ्या तळ्यांचे ठेके मच्छीमार संस्थांकडे असतात, तेथें बीज सोडलें जातें व त्याचा हिशेब राहतो. ओढ्यावर फेंकजाळें घेऊन येणारा भोई मोठ्या डोळ्यांचें जाळें टाकतो, डोहांतलें सगळें नेत नाहीं, कारण पुढच्या आठवड्यांत त्यालाच यावयाचें असतें. डोह उपसणारे, आकडा टाकणारे व विष ओतणारे बहुधा आपल्याच गांवचे हौशी तरुण असतात आणि त्यांत खातेदारांचीं पोरें असतात. कोणता डोह राखावा, कोणत्या महिन्यांत जाळें बंद असावें, हें ठरवितांना गांवानें भोयाला बोलावून त्याचा सल्ला घ्यावा. या विषयांत तो आपला गुरु आहे.

परक्या माशाची हांव ट्राउटापुरती नाहीं, म्हणून आणखी थोडें. तिलापिया, ज्याला बाजारांत चिलापी म्हणतात, तो मूळचा आफ्रिकेकडला; १९५२ सालीं तो आपल्या देशांत आणला गेला. त्याच्या एका जातीचें नांवहि वर सांगितलेल्या शंभरांच्या यादींत आहे. आतां तो ठिकठिकाणच्या नद्यांत आहे व निघतां निघत नाहीं. परदेशी मांगूर हा तर वाटेल त्या घाणींत वाढणारा व समोर येईल तें खाणारा. त्याच्या पालनावर केंद्र सरकारनें २००० सालीं बंदी घातली, तरी चोरून त्याचीं तळीं होतातच. शेततळ्यांत कटला, रोहू, मृगळ पाळावेत, त्यांत आमची ना नाहीं. तो चांगला जोडधंदा आहे. पण सांडव्याला बारीक जाळी बसवावी, आणि तळें धुतांना उरलेले मासे ‘पुण्य लागेल’ म्हणून ओढ्यांत सोडूं नयेत.

आमच्या काश्मीरवाल्या बंधूंना आम्हीं हें सर्व तोंडीं सांगितलें तेव्हां ते म्हणाले, “मग जोडधंद्याचें काय?” त्यांचें म्हणणें रास्त आहे. ओढा राखल्यानें कोणाच्या हातीं रोख पैसा येईल असें आश्वासन आम्ही देऊं शकत नाहीं. सणासुदीला घरच्या ओढ्याचा मासा, सुटींत पोरांना काठी, गुरांना स्वच्छ पाणी, आणि आषाढांत डोहावर मरळीनें मारलेली उसळी, एवढाच याचा नफा. पण नोंद तरी व्हावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक ग्रामपंचायतीनें जी लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे, तींत आपल्या ओढ्यांतल्या माशांचीं गांवचीं नांवें म्हाताऱ्या भोयांना विचारून लिहावीत. उदगीरचें मत्स्यविज्ञान महाविद्यालय आपल्यापासून दूर नाहीं. तेथील अध्यापकांनीं व विद्यार्थ्यांनीं मासोळी व करपरा या दोनच नद्या उगमापासून संगमापर्यंत चालून पाहिल्या, तर साइक्साच्या यादींतले किती मासे आज उरले आहेत तें तरी कळेल. आमच्या संस्थेनें त्यांना मुक्कामाची व भाकरीची सोय करावी अशी सूचना आम्ही पुढील सभेंत मांडणार आहों.

आमच्या स्वतःच्या डोहाचें सांगावयाचें तर, दोन वर्षांपूर्वीं आम्हीं त्याच्या खडकावर कमरेएवढ्या पाण्याच्या उंचीवर चुन्याची खूण केली. पाणी खुणेखालीं गेलें कीं मोटार बंद. पहिल्या वर्षीं उन्हाळी भुइमुगाचीं शेवटचीं दोन पाणीं चुकलीं व उतारा घटला. घरांत बोलणीं खावीं लागलीं. डोहावर चार खातेदारांच्या मोटारी आहेत. दोघांनीं खूण मान्य केली आहे. तिसऱ्यांचा दोन एकर ऊंस आहे व तो जळूं द्यावा असें त्यांना सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पुढच्या लागणीला ठिबक करण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे, आणि तोंवर आमच्या विहिरीचें एक दिवसाआड पाणी त्यांना द्यावयाचें ठरलें आहे. परवां सायंकाळीं खुणेवर अद्याप चार बोटें पाणी होतें.